रेघ पुढे सरकते

“आजपासून ह्या घरातली केबलची गुलामी खतम! मानसानं पाहाचं ते आपल्या मर्जीनं, आपल्या टायमाले. कोनाच्या बापाचं बंधन नाई!”

खेमराज कापगत्यांनी ही घोषणा ओसरीत उभं राहून, उजवा हात वर करून केली. ऐकायला एक कोंबडी होती आणि टीव्हीमागे डोकं घातलेला केबलवाला दुधराम. कोंबडी निघून गेली.

मग खेमराजनी आवाज खाली आणला. “पन गा दुधराम, याच्यात बातम्या कोन्या नंबरवर लागतेत?”

“नंबर नाई राहत जी याच्यात, काकाजी.”

“मंग मर्जीनं पाहाचं कसं?”

कल्पना हैदराबादेतल्या हिमांशूची, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाची. केबलला पैसे कशाला घालायचे? ऑनलाइन सिनेमे-मालिका पाहायचं त्याचं एक खातं होतंच, त्यातच बाबांनी पाहावं. टीव्हीला खोचायची बोटाएवढी कांडीही त्याने पाठवून दिली. इंटरनेट मात्र दुधरामचंच. म्हणजे खांब तोच, वसुलीला येणारा माणूस तोच, फक्त एक तार काढून त्याने दुसरी ओढली. सडक अर्जुनीत क्रांती अशीच होते.

हिमांशूने पासवर्ड फोनवर सांगितला. खेमराजना रिमोटने अक्षरं निवडता येईनात, तेव्हा दुधरामनेच तो ऐकून घेतला आणि घातला. पडद्यावर एक गोल चेहरा उमटला. खाली नाव आलं, हिमांशू.

“झालं बाबा? ठेवतो, मीटिंग आहे,” फोन म्हणाला.

त्याच्या आईच्या, पुष्पांजलीबाईंच्या, बरसीला, म्हणजे वर्षश्राद्धालाही त्याची मीटिंगच होती. खेमराजनी गावाला पंगत वाढली, आईसाठी यायला हवं होतं त्या मुलाचं पान रिकामं राहिलं. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘जेवलो’ एवढ्यावर आलं होतं. पोरगा आपल्याला विसरला का, एवढंच खेमराजना विचारायचं होतं. ते विचारायची हिंमत नव्हती, म्हणून ते एका थानेदाराची मालिका पाहू लागले.

संध्याकाळी जेवता जेवता पाहायचे. शेवट येईतो डोळे मिटायचे, तेव्हा तेवढा तुकडा उद्यावर टाकून झोपायचे. कुठवर पाहिलं ते चित्राखालची लाल रेघ सांगायची. एक दिवस टीव्ही लावला तर रेघ भागाच्या शेवटाला जाऊन टेकलेली. आपण रिमोटवर बसलो असू, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग उजेड पडला. खातं पोराचं, नाव पोराचं. आपण झोपल्यावर, कामावरून येऊन, पोरगाही तोच थानेदार पाहतो.

खेमराज बोडीच्या पाण्यावर वाढलेले. त्यांच्याकडे तळ्याचं पाणी शेतांना पाळीने मिळायचं. वरच्याची धानाची बांधी भिजली की तो बांध मोकळा करी, खालचा गुपचूप आपलं पाणी घेई. ‘सोडलं बरं का’ म्हणून कोणी कोणाच्या दारी सांगायला जात नसे, आणि घेणाराही आभार मानत नसे. आभार मानले असते तर लोकांना शंका आली असती. हेही तसंच. पोरगा पाळी घेत होता, त्यात विचारायचं काय?

आता झोप आली नाही तरी ते शेवटचा तुकडा मुद्दाम सोडून देत. दुसऱ्या दिवशी रेघ शेवटाला टेकलेली असे आणि पुढच्या भागाला हात लागलेला नसे. तो बापासाठी राखलेला.

चहाच्या टपरीवर ते सांगू लागले, “आमचा हिमांशू रोज राहते माह्यासंगं.”

“कुटी जी? दिसला नाई.”

“दिसाची काय गरज हाये?”

थंडीत त्यांना ताप आला. टीव्हीपर्यंत जायची ताकद राहिली नाही. दुधराम रोज डोकावे आणि त्याच्या बायकोने, धुरपताने, दिलेली पेज ठेवून जाई.

“तुले कामधंदा नाई का गा?”

“केबल कोन पाहते आता, काकाजी? गुलामी तुमीच खतम केली. प्या, गरम हाये तवर.”

ताप उतरला तसे खेमराज भिंत धरत टीव्हीकडे गेले. रेघ त्याच भागाच्या शेवटाला टेकून थांबलेली, पुढच्या भागाला इतक्या दिवसांत हात लागलेला नव्हता. पोरगा थांबला होता. बापावाचून एक पाऊल पुढे गेला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. अशक्तपणा असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

“पोट्टा आपलाच हाये वो,” त्यांनी पुष्पांजलीबाईंच्या फोटोला कळवलं आणि बरसीचा राग त्याच दिवशी सोडून दिला. मग फोन लावला.

“बाबू, तुह्यावर राग नाई माहा आता.”

“कसला राग, बाबा?” मागे गाड्यांचा आवाज होता. “मी नंतर करू का?”

“कर, कर. घाई नाई. रोज भेटतोच नं आपून.”

पलीकडून फोन बंद झाला. खेमराज हसले. लाजला पोरगा. आईवर गेला.

एवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. पुढे दुधराम, मागे पिशवी सांभाळत धुरपता. दुधराम उतरला नाही. गाडी तशीच चालू ठेवून जरा ओशाळं हसला.

“काकाजी, दोन दिवस सासरवाडीले चाललो. तुमाले ताप होता तवा मी थांबलो होतो नं, तसे तुमीबी दोन दिवस थांबा जी. थो थानेदार पुढं नोका नेऊ.”