शेवटची खूण

"घरातली दारूची एकेक खूण काढून टाका, काकी. दारू सुटली तरी मेंदू खुणा विसरत नाही," व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, आणि मी त्यांना शब्द दिला होता.

भांडुपला घरी आल्याबरोबर मी यांचे ग्लास भंगारवाल्याला दिले, खारे शेंगदाणे आणणं बंद केलं, यांची कोपऱ्यातली खुर्चीसुद्धा देऊन टाकली. दिवसभर हे छान राहायचे. संध्याकाळी मात्र हात थरथरायला लागायचे, घशाला कोरड पडायची. मग मी देवालाच साकडं घातलं. आरती लांबवली, घंटा आणखी जोरात वाजवू लागले.

काल यांनी माझा हात धरला. "रागावू नकोस गं. मी कधी देवाआधी प्यायलोय का? वीस वर्षं तुझी आरती संपायची वाट बघायचो नि मगच बाटली उघडायचो. आता आरतीची घंटा ऐकली ना, की जीव राहत नाही."



आज तिन्हीसांजेला मी दिवा लावला, घंटा रुमालात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आणि ओठ न हलवता आरती म्हणायला उभी राहिले.