तिसरी खरेदी

"दहा फूट!" मेहुणा शिडीवरून ओरडला. "एक बोट कमी नाही की जास्त नाही, भावजी."

"परत मोज."

मेहुण्याने कपाळावर हात मारला आणि रिंगला परत टेप लावली. दहा फूटच. खाली उभ्या पारख्याचं समाधान झालं नाही ते नाहीच. त्याने दुसऱ्या टोकाची रिंगही मोजायला लावली. मग बॉल आपटून पाहिले, हवा तपासली. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की होतं. कुठे, तेवढंच कळत नव्हतं.

पारख्या हे काही त्याचं नाव नव्हे. एका मोठ्या व्यावसायिक बास्केटबॉल क्लबसाठी तो खेळाडू हुडकायचा. चांगले, पण कुणाच्या नजरेत न भरलेले, म्हणून स्वस्तात मिळणारे. माणसाची नजर तयार आहे, असं लोक म्हणायचे. आता म्हणत नाहीत. गेल्या दोन वर्षांत त्याने या छोट्याशा क्लबातून दोन पोरं नेली आणि दोघांनीही त्याची पार शोभा केली. इथे सामन्याला पंचवीस-पंचवीस पॉइंट करणारी पोरं, तिथे गेल्यावर सहा! दुसरा तर आता बेंचवर बसून टॉवेल वाटतो. "तिसरं गाढव आणलंस तर त्याच्याबरोबर तूही घरी," असं अध्यक्षांनी चारचौघांत सुनावलं होतं. घरी बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, सगळं ठीक आहे. ठीक कसलं, डोंबल!

आणि इथे आता तिसरा फुलला होता. लंबू. सामन्याला सव्वीस पॉइंट.

"घेऊन जा की साहेब," इथला प्रशिक्षक म्हणाला. "तुमच्यासाठीच ठेवलाय." वर चहा, वर बिस्किटं. एवढा गोडवा पारख्याला आधीच सोसत नसे.

संध्याकाळी सामना सुरू झाला. पारख्या थेट गुण लिहिणाऱ्या म्हाताऱ्याच्या टेबलाला खुर्ची लावून बसला. म्हातारा लिहायचा, हा स्वतः मोजायचा. आकडे जुळले. मग समोरचा संघ फितूर असेल. पण ते बिचारे जीव तोडून धावत होते, एकाच्या ढोपरातून रक्त येत होतं. मग पंच? पंचाने तर लंबूचेच दोन फाउल धरले. सगळं चोख असेल तर खोट पारख्याच्याच नजरेत होती, आणि हे मानायला तो अजून तयार नव्हता.

तिसऱ्या सत्रात लंबू एकाएकी आटला. आठ मिनिटं झाली, एक पॉइंट नाही. उडी तीच, हात तोच, पण बॉल हातात येईपर्यंत समोर दोघं उभे.

"बघ, बघ! मुद्दाम चुकतोय," पारख्या कुजबुजला. "म्हटलं नव्हतं?"

"मुद्दाम कशाला?" मेहुणा तोंडात बिस्किट धरून म्हणाला. "ते टक्कलवाले काका बाहेर बसलेत ना. आता त्याला आयतं कोण देणार?"

काका म्हणजे संघातला सगळ्यांत जुना खेळाडू. पाय आखडला म्हणून प्रशिक्षकाने त्याला बसवलं होतं. पारख्याने आजवर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

शेवटच्या सत्रात काका लंगडत आत आला. या वेळी पारख्याने बॉल जाळीत जाताना पाहिलाच नाही, तो आला कुठून ते पाहिलं. काका डावीकडे बघायचा, समोरचे दोघं तिकडे धावायचे आणि बॉल उजवीकडे, मोकळ्या उभ्या लंबूच्या हातात. पुन्हा तेच. पुन्हा तेच. लंबूला नुसते हात वर करायचे होते.

"या काकांचे पॉइंट किती?" पारख्याने म्हाताऱ्याला विचारलं.

"चार."

"आणि पास किती दिले?"

"पास कोण लिहितं हो? इथे पॉइंट लिहितात आणि फाउल."

मागच्या वर्षीच्या पोराला बॉल कोण देत होतं? आणि त्याच्या आदल्या वर्षी? हाच. दोन वर्षं पारख्या भरलेली ताटं उचलून नेत होता आणि स्वयंपाक करणारा इथेच सोडत होता.

"मला काका हवेत," सामना संपल्यावर तो म्हणाला.

प्रशिक्षकाने चहाचा कप खाली ठेवला. "तो? अहो, तेहतीस वर्षांचा घोडा, गुडघा गेलाय, पुढच्या महिन्यापासून थोरल्या भावाच्या टायरच्या दुकानात बसणार आहे! लंबू न्या. हवं तर आणखी एक पोरगा देतो."

पारख्याचं मन दिवसभरात पहिल्यांदा निवळलं. ज्याला एवढी नावं ठेवून मागे ओढतात, तो माल अस्सल.

काका बाकावर बसून गुडघ्याची पट्टी सोडत होता. पारख्या समोर जाऊन उभा राहिला. "तुम्ही आमच्याकडे या. तिथे तुमची दोन पोरं कुजतायत."

काकाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मला म्हणताय?"

"तुम्हालाच."

"घरी सांगून टाकलं होतं हो, खेळ संपला म्हणून," काका म्हणाला, आणि एवढा बाप्या माणूस, हातातल्या पट्टीनेच डोळे पुसू लागला. पारख्यालाही गलबलून आलं. पण स्वभावाला औषध नाही.

"एक खरं सांगा," त्याने डोळे बारीक केले. "एवढं येतं तुम्हाला, मग दोन वर्षं माझ्यापासून लपून का राहिलात?"

"लपलो कुठे, साहेब? दोन्ही वर्षी तुम्ही त्या पोरांचा फोटो काढलात, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तुम्हीच म्हणालात, ए, जरा बाजूला हो."