वेगाचं लॉक

नव्या कॉम्प्युटरसाठी दुकानदाराने दोन प्रोसेसर पुढे ठेवले. "हा लॉकवाला. कंपनीने ठरवलाय तेवढाच पळणार. हा अनलॉक. वेग हवा तसा वाढवा. किंमत जरा जास्त."

रंगनाथनानांनी अनलॉककडे बोट दाखवलं. जन्मभर त्यांनी एसटी चालवली. रस्ता मोकळा असला तरी गाडीच्या वेगाला लॉक. लेकीच्या नशिबी ते नको.

पण ऋजुताने लॉकवालाच उचलला. "वेग वाढवला की तो तापतो, मग जपत बसा. माझ्या कामाला हा पुरेल."

"माझ्या खिशाकडे बघू नकोस गं."

"खिशाकडे नाही, तुमच्याकडे बघतेय. लॉकवाल्या गाडीनेच वेळ पाळलीत ना? तुमची एसटी बघून गाव घड्याळ लावायचं."

नानांनी अनलॉकवाला मागे सारला. मग ताठ मानेने दुकानदाराला म्हणाले, "लॉकवालाच बांधा. आणि जरा लवकर. आम्ही वेळ चुकवत नाही."