पत्रिकेतली मोकळी जागा

"मोकळी जागा हा डिझाइनचा आत्मा आहे," संस्कृतीने ओटीवर उभं राहून जाहीर केलं. उभं राहून, कारण बसायला जागा नव्हती. अर्ध्या ओटीवर पेंढ्यात आंब्यांची अढी घातली होती आणि उरलेल्या अर्धीवर दापोलीहून एसटीने आलेली दमयंतीआत्या आपल्या पिशव्यांसकट बसली होती. बाबा उंबऱ्यावर होते. आत्मा वगैरे ऐकून ते जरा सावरून बसले.

विषय अजिंक्यदादाच्या लग्नपत्रिकेचा होता. नवरामुलगा मुंबईत. "मला काहीही चालेल," एवढं फोनवर सांगून त्याने अंग काढून घेतलं होतं. रत्नागिरीला राहून डिझाइनचं पहिलं वर्ष संपवून आलेल्या बहिणीने मग ती पत्रिका केली. वर्षभर ठिपके, रेघा आणि चौकोन काढल्यावर छापून येणारं हे तिचं पहिलं काम. आज संध्याकाळपर्यंत घरच्यांचा होकार मिळाला नाही, तर छापखानेवाला त्याच्याकडचा तयार नमुना छापून मोकळा होणार होता. त्यात वर गणपती, खाली गुलाब, मध्ये सनईचौघडा आणि उरलेल्या जागेत मोर होते.

"जे काढलं तरी चालतं, ते काढा," असं सरांनी शिकवलं होतं. संस्कृतीने काढलं. श्लोक काढला, मोर उडवले. मग माणसांना हात घातला. निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त ग्रामस्थ आणि मुंबईकर मंडळी, सगळे गेले. 'विनीत'ही गेला. लहानपणी तिला वाटायचं, विनीत हा आपला कुणी लांबचा काका असावा. पत्रिकेत कायम पुढे, पंगतीत मात्र कधी दिसत नाही. उरलं काय, तर नवरा, नवरी, तारीख, वेळ आणि गाव. बाकी सगळं पांढरं.

आत्याने नमुना हातात घेऊन उलटा करून पाहिला. मागेही काही नव्हतं.

"गणपती कुठे गेला गो?"

"हा काय वर. ही रेघ म्हणजे सोंड."

"होय? मला वाटलं, छापताना कुणाचा केस चिकटला." आत्याने तरीही त्या केसाला नमस्कार केला. "आणि आपली माणसं?"

"ती लग्नात असणारच आहेत ना आत्या. कागदावर कशाला गर्दी?"

"आत्माराम, ऐकतोस ना?" आत्या भावाकडे वळली. "गोदाच्या लग्नात सदूभाऊचं नाव काशीवहिनीच्या खाली छापलंन, तर तो अजून आपल्याकडे पाणी पीत नाही."

"त्याला हायरार्की म्हणतात," संस्कृतीला एकदम हुरूप आला. "कोण वर, कोण खाली, कोण ठळक."

"आम्ही त्याला भांडण म्हणतो."

खरं होतं ते. कोकणात अढी दोन ठिकाणी घालतात, पेंढ्यात आणि मनात. पेंढ्यातली आठवडाभरात उतरते.

बाबांनी नमुना आत्याच्या हातून घेतला. "यात नेमकं काय शिकवतात?" हा प्रश्न त्यांनी वर्षभर दर सुट्टीत विचारला होता, आणि संस्कृतीने दर सुट्टीत दिलेलं उत्तर दर वेळी जरा लांबलं होतं. त्यांचा चष्मा आत देवापाशी राहिला होता. त्यांनी सवयीने हात लांब केला, मग थोडा जवळ आणला, आणि ओठ हलवत अजिंक्यपासून गावाच्या नावापर्यंत सगळं वाचलं.

"बिनचष्म्याचं वाचता आलं," ते म्हणाले. मग लेकीकडे बघून, "हे शिकवतात होय?"

संस्कृतीने मान हलवली. वर्षातलं सगळ्यात आखूड उत्तर.

आत्या मात्र वेगळ्याच विचारात पडली होती. "थांब गो. ह्यात माझं नाव नाही?"

"नाही, आत्या."

"तुझ्या बापाचं?"

"नाही."

"सदूभाऊचं? काशीवहिनीचं?"

"कुणाचंच नाही."

आत्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "म्हणजे अमक्याचं राहिलं, असं म्हणायची सोयच नाही! अगो बाय माझे, मग रुसणार कोण नि कुणावर? एवढी वर्षं आम्हाला कसं सुचलं नाही?"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आतून हळदीकुंकवाची कुयरी घेऊन आली आणि भरलेली बोटं नमुन्याच्या कोपऱ्यात टेकवली. तोच कोपरा संस्कृतीने जिवापाड रिकामा राखला होता.

"बोट टेकवायला जागा मात्र झकास ठेवलीस. नाहीतर दर लग्नात कुणाच्या तरी नावावर कुंकू जातं."

संस्कृती काही बोलणार होती. पण पिवळा नि लाल ठिपका तिथे असा काही बसला होता, की सरांनीही तो काढायला सांगितलं नसतं.

तिने फोन काढला, छापखान्याचा नंबर शोधला, फाइल जोडली. आता फक्त पाठवायचं होतं. अंगठा तिथेच राहिला.

तिची नजर पत्रिकेच्या तळाशी गेली होती. एरवी तिथे गोबऱ्या, वाकड्या अक्षरांत घरातल्या पोरांच्या नावांची किलबिल असते. त्या ओळीत ती जन्मल्यापासून होती. धड बोलता येत नव्हतं, तेव्हापासून साऱ्या गावाला आग्रह करत होती, आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं. आमच्या मामाच्या. आमच्या मावशीच्या. दादाच्या म्हणायची पाळी कधी आली नव्हती. दादा एकच होता.

"गेली का गो?" आत्याने विचारलं.

"जातेय." संस्कृतीने फोन पालथा धरला. "आत्या, अगदी तळाला, बारीक अक्षरांत, एकटीचीच किलबिल घालू?"