बाद नमुना

उल्केच्या चिमूटभर भुकटीत डीएनए सापडला, तेव्हा बाईंनी तपासणी पुन्हा एकदा करून पाहिली. दुसऱ्या कुठल्या ग्रहावर जीव आहे का, या एका प्रश्नापायी त्यांची तीस वर्षं गेली होती.

पण असा डीएनए कधीकधी काम करणाऱ्यांच्या अंगावरूनच सांडलेला असतो. म्हणून प्रयोगशाळेतल्या प्रत्येकाच्या डीएनएची नोंद आधीच करून ठेवलेली होती. नुकताच रुजू झालेला सहकारी नोंदी ताडून हसतच परत आला.

"बाई, परग्रहावरचा पाहुणा तुमच्याच घरचा निघाला! डीएनए माणसाचा आहे. आपल्यापैकी कोणाचाच नाही, पण निम्मा तुमच्याशी जुळतोय. खरं सांगा, लेकीला गुपचूप लॅब दाखवायला आणलं होतंत ना?"

"नाही रे. ती कशी येणार?"

"मग?"

बाईंनी पांढऱ्या अंगरख्याची चेन थोडी खाली ओढली. आत एक निळा स्वेटर होता, त्यांना जरा घट्टच होणारा.

"तिचा आहे. ती जाऊन वर्ष होत आलं, पण हा धुवायचा धीर झाला नाही बघ."

त्याचं हसू मावळलं. त्याने हातातली, ती भुकटी ठेवलेली काचेची नळी खाली ठेवली.

"म्हणजे नमुना बाद झाला, बाई. ही नळी आता टाकून द्यावी लागेल."

"हो, नियमच आहे तो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. "टाकायचीच आहे, तर मला देशील?"