आडवी होणारी खुर्ची

किशोरराव बोंगाळे आठवडाभर घरात लंगडण्याचा सराव करत होते. टोरांटोच्या विमानातली आडवी होणारी खुर्ची आता पैशानं मिळत नव्हती. ज्याचं अंग जास्त दुखतं, त्याला ती मिळायची. विमानाच्या दाराजवळच्या काचेवर तळहात ठेवला की काच ते बरोबर ओळखायची.

विमानतळावरही किशोरराव लंगडतच आले. दोन्ही बॅगा त्यांच्या बायकोच्या, शैलजाताईंच्या हातात होत्या.

किशोररावांनी काचेवर हात ठेवला आणि चांगलं मोठ्यानं कण्हून घेतलं. काचेनं त्यांना अगदी शेवटची रांग दिली. मग शैलजाताईंनी हात टेकवला, तर त्यांना पहिली रांग मिळाली.

"तुमचं मशीन बिघडलंय," किशोरराव दारातल्या मुलीला म्हणाले. "हिला कधी काही होत नाही."

"काका, काचेला कण्हणं ऐकू येत नाही," ती शांतपणे म्हणाली.

शैलजाताई ओशाळल्या. "अहो, तुम्हीच झोपा तिथं. मला सवय आहे."

"कशाची सवय?"

शैलजाताईंनी दोन्ही बॅगा सावरल्या. किशोररावांनी त्यांच्या हातातल्या बॅगा घेतल्या आणि न लंगडता पहिल्या रांगेपर्यंत नेऊन ठेवल्या.

विमान वर स्थिरावल्यावर ते मागून उठून आले. त्यांनी बायकोची खुर्ची आडवी केली, तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि खाली गालिच्यावर मांडी घालून बसले.

"कुठं कुठं दुखतं, सांग."

शैलजाताईंनी मानेपासून सुरुवात केली. समुद्र ओलांडून झाला तरी त्या कमरेपर्यंतच पोचल्या होत्या.