कुणालाही न कळणारी भाषा

“तुझ्या भाषेत काहीही बोल. इथे कुणाला कळतंय?” दिग्दर्शक म्हणाला.

लंडनमधल्या एका लहान स्टुडिओत स्वस्तातल्या हेरपटाचं चित्रीकरण चाललं होतं. खुर्चीला बांधलेल्या हेराचं काम केरबा पोवारला मिळालं होतं. महायुद्धात तो ब्रह्मदेशात लढला होता; पुढे जहाजावर नोकरी धरून इथे येऊन राहिला होता.

कॅमेरा सुरू झाला. समोरच्या नटाने खोटी थप्पड मारली आणि चौदा वर्षं दाबलेलं केरबाच्या तोंडून बाहेर पडलं. “दौलू शिंत्रे कुठं लपलाय ते जपान्यांस्नी म्याच सांगितलं. मार सोसला न्हाई मला. माझ्या डोळ्यांदेखत मारला त्याला.”

“छान,” दिग्दर्शक म्हणाला. “पुढचा शॉट.”

दोन वर्षांनी तो सिनेमा कोल्हापुरात लागला. तिथल्या थिएटरात दौलूची बायको हौसा झाडलोट करायची. सरकारने नवरा बेपत्ता असल्याचं कळवलं होतं, म्हणून ती अजून कुंकू लावत होती. पडद्यावरचा माणूस मराठीत बोलला, तशी ती दारातच थबकली.

नीट ऐकण्यासाठी ती पुढच्या खेळालाही उभी राहिली. मग पदराने कपाळ पुसून तिने खुर्च्यांखालचा कचरा काढायला घेतला.